वैजयंताच्या नावाचा डबा

कोंडिराम गमरे हा माणूस बोलण्यात कधी कुणाला भारी पडला नाही. भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात तो खिडक्यांच्या ग्रिल करायचा. ऐंशी-नव्वदच्या त्या दिवसांत भाईंदरात रोज कुठे ना कुठे इमारत उठत होती. इमारत आली की खिडक्या आल्या, खिडक्या आल्या की चोराची भीती आली, त्यामुळे ग्रिलवाल्याला मरण नव्हतं. सकाळी गाळ्यात शिरायचं, डोळ्यांपुढे काळी काच धरायची, लोखंडाला लोखंड जोडायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. घरी वैजयंता असायची. बोलायचं खातं तिच्याकडे होतं. दोघांच्या वाटचं ती एकटी बोलायची आणि त्यात याचं काही अडायचं नाही.

दोघं रत्नागिरीकडची. पुढे ज्या अंगाला इंद्रलोकच्या इमारती झाल्या, त्याच अंगाला तेव्हा बैठ्या खोल्यांची एक गल्ली होती, तिथे त्यांची खोली. गल्लीत रायगडची घरं होती, मराठवाड्यातली होती, तोंडाशी गुजराती किराणावाला, मागच्या बाजूला उत्तरेकडचे रिक्षावाले. भांडायचं झालं तर मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. मुलगा बुद्धभूषण नोकरीला लागला तो नागोठण्याला जाऊन राहिला, तेव्हापासून खोलीत दोघंच.

वैजयंता स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जायची. भांडी कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम. सकाळी निघताना हातात घरच्या कचऱ्याची पुडी असायची, जुन्या कागदात घट्ट बांधलेली, वर सुतळी. पार रेल्वे फाटकापलीकडे कचऱ्याची कुंडी होती, तिथे ती टाकून पुढे जायची. गल्लीत कुंडी नव्हतीच. मग काय, शेजारच्या मंदानं एकदा पोटुशी असताना आपली पुडी हिच्या हातात दिली. पलीकडच्या म्हातारीचे गुडघे धरले, तिनंही दिली. हळूहळू अख्खी गल्लीच शेफारली. वैजयंता, जाता जाता तेवढं टाक ना गं. आणि ती टाकायची. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात दहा घरांचा कचरा घेऊन ही बाई साडी सावरत चिखलातून चाललेली सगळ्यांनी रोज पाहिलेली. कोंडिराम कधी कुरकुरला की ती म्हणायची, मी तशीही तिकडूनच जाते, त्यात माझं काय झिजतं.

एक्क्याण्णव साली काविळीनं गेली. चांगली हिंडती-फिरती बाई, पंधरवड्यात आटोपली. लोक आले, बसले, रडले, चहा करून पाजला आणि आपापल्या घरी गेले. बुद्धभूषण चार दिवस जास्त राहिला आणि बापाला चल म्हणाला. कोंडिराम नाही म्हणाला. का नाही, ते त्याला सांगता आलं नसतं. आता सांगायचं तरी कुणाला?

घर एकदम मुकं झालं. रात्री भात टाकायला बसला की हात सवयीनं दोघांचे तांदूळ घ्यायचा. भांड्यांचा आवाज झाला तर तो याच्याच हातून झालेला. मंदा कधी कालवण आणून द्यायची, दारातूनच द्यायची आणि जायची. एकट्या बाप्याच्या घरात बाईमाणूस किती वेळ थांबणार? गाळ्यात मशीनची घरघर असायची म्हणून तो गाळ्यातच रेंगाळायला लागला. गाळ्याच्या शेठला वाटलं, माणूस कामाला वाघ आहे.

महिना उलटला नसेल, गल्लीच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाखाली एक पुडी दिसली. दुसऱ्या दिवशी चार. मग पुड्या बांधायचाही कंटाळा आला, लोक सरळ सुपानं ओतायला लागले. कुत्री आली, शेळ्या आल्या, माशा घोंघावायला लागल्या. किराणावाला हिंदीत बोंबलायचा, त्याला कुणी दाद देईना. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. कोंडिराम संध्याकाळी त्या ढिगाशी येऊन उभा राहायचा. बाकीच्यांना तिथे घाण दिसायची. याला वेगळंच दिसायचं. एवढं सगळं ती रोज एका हातात घेऊन जात होती आणि आपण कधी नीट बघितलंसुद्धा नाही.

तो नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आला. तिथला माणूस बरा होता, त्यानं खुर्ची दिली. सांगितलं की सिमेंटच्या कुंड्या मंजूर आहेत पण तुमच्या गल्लीची पाळी लांब आहे. स्वतःच्या खर्चानं काही ठेवत असाल तर आमची ना नाही, उचलायला माणूस पाठवू. मग कोंडिराम वर्गणीला निघाला. जन्मात कुणापुढे तोंड न उघडलेला माणूस दारोदार उभा राहिला. गल्ली तशी कंजूष नव्हती. गणपतीला द्यायची, नवरात्राला द्यायची, चौदा एप्रिलला तर निळे झेंडे सगळे मिळून लावायचे. पण कचऱ्याला वर्गणी म्हटल्यावर प्रत्येकाला हसूच आलं. किराणावाला तेवढा पुढे झाला, म्हणाला, पूर्ण खर्च माझा, फक्त डब्यावर दुकानाचं नाव मोठं टाका. कोंडिराम खूश. दोन दिवसांनी त्यानंच कानावर हात ठेवले. कचऱ्यावर आपलं नाव बघून गिऱ्हाईक काय म्हणेल, हे त्याच्या बायकोनं त्याच्या ध्यानात आणून दिलं होतं.

तेव्हा कोंडिरामनं ठरवलं. वर्षश्राद्धासारखा त्यांच्यात, म्हणजे बौद्धांत, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. वंदना होते, जेवणं होतात, गेलेल्या माणसाच्या नावानं विहाराला काहीतरी दान देतात. सतरंज्या, ताटं, घड्याळ, पंखा. पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव असतं, फिरायला लागला की कुणाला वाचता येत नाही तरी असतं. वैजयंताच्या कार्यक्रमासाठी जे पैसे बाजूला ठेवले होते, त्याचं त्यानं लोखंड आणलं. जेवण नाही, पंखा नाही. तिच्या नावानं गल्लीला डबा.

बुद्धभूषणला कळलं तसा तो नागोठण्याहून धावत आला. पोरगा बापावर कधी ओरडला नव्हता, तो ओरडला. लोक आईबापाच्या नावानं पाणपोई घालतात, बाकडी बसवतात, आणि तुम्ही आईचं नाव कचऱ्यावर लावणार? कोंडिरामनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिनं जन्मभर जे केलं, त्याच्यावर तिचं नाव नको, तर कशावर घालू?" पोरगा जेवायलाही थांबला नाही.

डबा मात्र असा झाला की काय सांगावं. गाळ्यातलं काम संपलं की कोंडिराम त्याच्या मागे लागायचा. आधी तो नुसता कोपऱ्यावर बसून बघत राहिला. कुत्रं कुठून तोंड घालतं, शेळी कुठवर पोचते, बायका कचरा टाकताना किती लांबून भिरकावतात. त्यांना झाकणाला हात लावायची किळस येते हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून झाकण पायानं दाबून उघडेल असं केलं. खाडीचं खारं वारं लोखंड खातं, म्हणून आतून बाहेरून लाल रंगाचे हात दिले. कचऱ्याचं पाणी साठू नये म्हणून तळाला भोकं पाडली. आणि सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे अख्खा डबा दोन खांबांच्या मधे टांगला, कडी काढली की पुढे कलंडायचा. खाली हातगाडी लावली की कचरा आपोआप गाडीत. कचरा उचलणाऱ्या माणसाला त्यात हात घालायला नको, वाकायला नको. दशरथ नावाचा तो माणूस, हातगाडी घेऊन यायचा. त्यानं कडी काढून डबा दोनदा रिकामाच कलंडवून पाहिला आणि हसायलाच लागला.

मग कोंडिरामनं वेल्डिंगची काडी धरून पुढच्या पत्र्यावर उठावाची अक्षरं काढली. त्यांच्यात गेलेल्याच्या नावाआधी कालकथित लिहितात. कालकथित वैजयंता कोंडिराम गमरे यांच्या स्मरणार्थ. अक्षरं बोटांनाही लागायची, इतकी जाड. रंगवलेलं नाव उन्हानं उडतं, हे कधी उडू नये अशी त्याची इच्छा होती. अक्षरांवर पांढरा रंग दिला. डबा कोपऱ्यावर बसवला त्या दिवशी सगळी गल्ली जमली. कुणीतरी हार आणला. मंदा रडली. कोंडिराम इतका सुखावला होता की त्याला बोलायला सुचेना, आणि त्याला कुठे कधी सुचलं होतं म्हणा.

आता गंमत ऐका. डब्यात कुणी कचराच टाकेना.

पहिले दोन दिवस त्याला वाटलं, लोकांना अजून सवय नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर डब्याच्या पायाशी पुड्या ठेवलेल्या. आतमधे काही नाही. नाही म्हणायला चार आण्याचं एक नाणं निघालं, कुणा वाटसरूनं दानपेटी समजून टाकलेलं. सकाळी कुणीतरी अगरबत्ती लावून गेलं होतं. शाळेला निघालेली पोरं डब्याला हात लावून छातीला लावायची. मंदाला विचारलं तर ती पदराशी चाळा करत राहिली. जिवंतपणी तिच्या हातात कचरा दिला तेवढा पुरे झाला, आता मेल्यावर तिच्या नावावर टाकायचा म्हणजे हात धजत नाही, असं तिचं म्हणणं. सगळ्या गल्लीचंच ते म्हणणं होतं. कोंडिरामनं कपाळावर हात मारला.

पण खरं सांगायचं तर तो मनातून तितकासा नाराज नव्हता. कारण दुसरीच एक गोष्ट घडायला लागली होती. त्या गल्लीला नाव नव्हतं. आता पत्ता सांगायचा म्हणजे लोक डब्याची खूण सांगायला लागले, आणि डब्यावर नाव होतं. वैजयंतापाशी उभी राहा, मी आलेच. वैजयंताच्या उजव्या हाताला तिसरी खोली. रिक्षावाले तर नाव तोडून-मोडून म्हणायचे, बैजंता के बाजू में छोड़ दूँ क्या? किराणावाल्याचा माल घेऊन टेम्पो यायचा, तो लांबूनच गुजरातीत ओरडायचा, वैजंता आव्यु! जिला जिवंतपणी दहा घरं ओळखत होती, तिचं नाव आता तीन भाषांत दिवसभर घेतलं जात होतं. कोंडिराम गाळ्यातून लवकर घरी यायला लागला. दारात बसून राहायचा आणि ऐकायचा. एका संध्याकाळी किती जणांनी तिला हाक मारली! घरातला मुकेपणा तेवढा वेळ सोसवायचा. भात टाकतानाही तो दार उघडं ठेवायचा.

ढीग मात्र वाढत होता. आधी खांबाखाली होता, आता डब्याभोवती आला. गाडी लावायला जागा उरेना. लोखंडाचे दोन खांब मधे, भोवती चिखल आणि घाण, त्यातून दशरथला पूर्वीपेक्षा जास्त हात घालावा लागायचा. एका सकाळी तो कोंडिरामकडे आला. आत आला नाही, उंबऱ्याशी उकिडवा बसला. म्हणाला, कचेरीतले साहेब बघून गेले. म्हणाले, वापरात नसलेला डबा रस्त्यात कशाला, काढून भंगारात घाला. मी आठ दिवस मागून घेतलेत.

कोंडिराम घरोघर गेला. या खेपेला वर्गणीपेक्षा अवघड मागणं होतं. माझ्या बायकोच्या नावावर कचरा टाका हो, असं सांगत फिरणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? बायका मान डोलवायच्या, टाकते म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पुडी डब्याच्या बाजूला, अगदी अलगद ठेवलेली. त्याला राग आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. दशरथ गाडी लावत होता, त्याच्यापुढेच तो गल्लीच्या नावानं खडे फोडायला लागला. एवढ्या मेहनतीनं केला, आणि या लोकांना साधं पायानं दाबून आत टाकायला होत नाही.

दशरथनं फावडं टेकवलं. "भाऊ, एक विचारू? तुमचा कचरा तुम्ही कुठं टाकता?"

कोंडिरामचा हात पिशवीकडे गेला. त्याच्या पिशवीत तेव्हाही पुडी होती. एकट्या माणसाचा कचरा तो केवढा, चहाचा चोथा, कांद्याची सालं, एखादा शिळा पाव. कागदात बांधून, वर सुतळी मारून, तो ती पुडी रोज गाळ्यात जाताना फाटकापलीकडच्या कुंडीत टाकत होता. डबा बसवल्यापासून रोज. कधी मनात आलंच नाही की आपण डब्याशेजारून जातो. त्याची मान खाली गेली. दशरथनं पुढे काही विचारलं नाही, गाडी ओढत निघून गेला.

त्यानंतर कोंडिराम दारात बसायचा खरा, पण तिचं नाव ऐकू आलं की त्याला सोसेना. नाव ठेवलं तर डबा जातो, आणि डबा गेला की नावही भंगारातच जाणार. नाव काढलं तर डबा राहतो. यात कसली निवड आली? तरीही त्याचं मन धजेना. आपल्या हातानं घातलेलं, कधी उडू नये म्हणून जाड घातलेलं. बुद्धभूषणला विचारावं असंही वाटलं, पण पोरगा म्हणणार, मी सांगत होतो. शेवटी त्यानं कुणालाच विचारलं नाही.

रविवारी सकाळी त्यानं गाळ्यातून ग्राइंडर आणला. मंदाच्या घरातून वायर ओढली. मंदानं काय करताय म्हणून विचारलं आणि लगेच तिला समजलं. ग्राइंडर चालू झाला तशी पोरं ठिणग्या बघायला धावली, त्यांना मोठ्या माणसांनी मागे ओढलं. त्यानं शेवटून सुरुवात केली. आधी स्मरणार्थ गेलं. यांच्या गेलं. मग गमरे, मग त्याचं स्वतःचं नाव, तिथे त्याला काहीच वाटलं नाही. मग त्यानं ग्राइंडर उचलून पुढे नेला आणि कालकथित घासलं. मधे एकटी वैजयंता उरली. मशीन बंद करून तो जरा टेकला. कुणीतरी पाणी दिलं. पाणी पिऊन उठला आणि तेही घासलं. वेळ लागला, कारण जोडकाम पक्कं होतं. लोखंडाची भुकटी त्याच्या हातांवर, भुवयांवर, सदऱ्यावर बसली. चकचकीत झालेल्या पत्र्यावर त्यानं लाल रंगाचा हात मारला आणि मागे सरला.

कुणी हललं नाही. नाव नव्हतं, पण सगळ्यांना ते पाठ होतं. बायका आपापल्या पुड्या घेऊन उभ्या होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी मंदा पुढे झाली. डोळे पुसले आणि म्हणाली, "भाऊ, आधी तुम्ही. मग आम्ही."

माती देताना पहिली मूठ घरच्याची असते, त्यानंतर बाकीचे. इथेही तसंच झालं. कोंडिराम घरात गेला, चुलीजवळची पुडी घेऊन आला. पायानं पट्टी दाबली. झाकण उघडलं, तसं त्यानं केलेलंच होतं, जराही अडकलं नाही. पुडी आत टाकली. रिकाम्या डब्याच्या तळाला ती पडल्याचा आवाज आला. तो बाजूला झाला. मग मंदा, मग म्हातारीची सून, मग किराणावाला स्वतः, आणि एकामागून एक सगळी घरं. दुपारपर्यंत खांबाभोवतीची जागा पोरांनी फावड्यानं साफ केली.

डबा चालला. नुसता चालला म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरलेला. दशरथनं कडी काढून एका दमात गाडीत ओतला आणि मुद्दाम सांगायला आला की असा डबा अख्ख्या भाईंदरात दुसरा नाही. कचेरीतला माणूस येऊन मापं घेऊन गेला. कोंडिरामला बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं, त्यात खोट नव्हती. नवे भाडेकरू आले, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. ते खुशाल केळीची सालं लांबून नेम धरून टाकायचे.

थंडीतल्या एका संध्याकाळी तो दारात बसला होता. कोपऱ्यावर रिक्षा थांबली, आतल्या बाईनं विचारलं, हीच का गल्ली? रिक्षावाला म्हणाला, हां, कचरापेटीवाली गली, यही है. बाई उतरली, पैसे दिले, रिक्षा वळून गेली. टेम्पो आला, भोंगा वाजवून थांबला. पोरं डब्यापाशी भेटायचं ठरवून पांगली. कोंडिराम कान देऊन बसला होता, अंधार पडेपर्यंत बसला. मग उठून आत आला आणि दार लावलं.

सगळा संसार झाला, पोरगं नोकरीला लागलं, पण त्यानं तिला नावानं एकदाही हाक मारली नव्हती. त्यांच्या पिढीत तशी रीतच नव्हती. अगं म्हणायचं, ऐकलंस का म्हणायचं, चारचौघांत बुद्धभूषणची आई म्हणायचं. नाव घ्यायला बाकीचे होते. आता बाकीचे उरले नव्हते. त्यानं तांदळाच्या डब्यात हात घातला, तसाच ठेवला, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "वैजयंता."

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही, म्हणून त्यानं परत एकदा म्हणून पाहिलं.